कुत्र्याला फ्लू कोणी दिला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास आमच्या आळीतले किराणा दुकानदार अण्णा घरी आले. काखेत पोत्यात गुंडाळलेला त्यांचा मोती होता. पायरीवर ठेवताच मोती खोकू लागला. घशात हाड अडकावे तशी मान लांब करून कोरडा ठसका, आणि शेवटी थोडा फेस. चार दिवस हेच चालले होते. त्यातच घरी नातवाला ताप आणि खोकला. सूनबाईंचे म्हणणे असे की, कुत्र्याचा फ्लू बाळाला लागला. तेव्हा त्याला आज रात्रीच गावाबाहेर हायवेला सोडून या. अण्णांचे वय बहात्तर, दम्याचा जुना विकार. त्यामुळे मुलगाही बायकोच्याच बाजूचा.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा आता," अण्णा म्हणाले. "ह्याला लस दिलेली आहे. कार्डावर फ्लू लिहिलंय की!" खिशातून चौघडी घातलेले लसीकरणाचे कार्ड काढून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. तिथे 'पॅराइन्फ्लुएन्झा' असे छापलेले होते.

मी त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिले, कारण फाटकाशी त्यांचा मुलगा स्कूटर चालूच ठेवून उभा होता. पण हा प्रश्न दोन वाक्यांचा नाही. कुत्र्याला फ्लू होतो का, होत असेल तर तो आला कुठून, आणि तो माणसाला लागतो का, हे नीट सांगायला हवे. ते आज या सदरात सांगतो.

आधी कार्डावरच्या त्या ओळीचा घोळ मिटवू. पॅराइन्फ्लुएन्झा आणि इन्फ्लुएन्झा ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण घराणी वेगळी. पॅराइन्फ्लुएन्झाचा विषाणू हा गोवर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर या रोगांच्या विषाणूंचा भाऊबंद. कुत्र्यांच्या नेहमीच्या एकत्रित लशीत त्याचा समावेश असतो आणि 'केनेल कफ' नावाच्या खोकल्याला तो कारणीभूत होतो. खरा फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. त्याची लस त्या एकत्रित लशीत नसते. तेव्हा अण्णांच्या कार्डावर फ्लूची लस कधीच नव्हती.

पुस्तकात नसलेला रोग

मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकत असताना आमच्या पुस्तकांत घोड्याचा फ्लू होता, डुकराचा होता, कोंबड्या-बदकांचा होता. कुत्र्याच्या प्रकरणात मात्र फ्लू नव्हता. कुत्र्याला स्वतःचा असा फ्लू नाही, हेच आम्ही परीक्षेत लिहीत आलो आणि मार्क मिळवत आलो. गंमत अशी की, जगभरच्या प्रयोगशाळांत फ्लूचा विषाणू वाढवायला ज्या पेशी सर्रास वापरतात, त्या १९५८ साली अमेरिकेत एका कॉकर स्पॅनिएल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींचाच वंश आहे. मॅडिन आणि डार्बी या दोघांनी त्या वाढवल्या. म्हणजे काचेच्या बाटलीत कुत्र्याच्या पेशींना फ्लू सुखाने होत होता. तरीही जिवंत कुत्र्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते गेले जानेवारी २००४ मध्ये. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात कुत्र्यांच्या शर्यती चालत. शर्यतीचे कुत्रे ग्रेहाऊंड जातीचे, आपल्या मुधोळ-कारवानी कुत्र्यांसारखे सडपातळ आणि लांब पायांचे. तिथल्या एका मैदानावरचे २२ कुत्रे एकाएकी आजारी पडले. १४ कुत्र्यांना ताप आला, दहा-पंधरा दिवस खोकला राहिला आणि ते बरे झाले. उरलेले ८ मात्र झपाट्याने गेले. शवविच्छेदनात त्यांची फुप्फुसे रक्ताने भरलेली आढळली. फ्लोरिडा विद्यापीठातील सिंडा क्रॉफर्ड यांनी या कुत्र्यांचा तपास केला. कॉर्नेल विद्यापीठातील एडवर्ड डुबोवी यांच्या प्रयोगशाळेत एका मृत कुत्र्याच्या फुप्फुसातून विषाणू वेगळा करण्यात आला. तो इन्फ्लुएन्झा निघाला. त्याच वर्षी जून ते ऑगस्ट या काळात सहा राज्यांतील १४ मैदानांवर हीच साथ पसरली.

विषाणूची जनुके वाचून पाहिली तेव्हा त्याचे मूळ सापडले. आठच्या आठ जनुकखंड घोड्याच्या एच३एन८ या विषाणूचे होते. हा घोड्याचा विषाणू १९६३ साली मियामीत प्रथम ओळखला गेला, अर्जेंटिनातून आणलेल्या घोड्यांबरोबर तो आला होता. नंतर तो जगभर फिरला. भारतातही १९८७ साली आणि पुन्हा २००८ साली घोड्यांत त्याच्या साथी आल्या. चाळीस वर्षे घोड्यात राहून त्याने फ्लोरिडात घर बदलले. साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले तर १९९९ मधल्या ग्रेहाऊंडांच्या रक्तातही त्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे आपल्याला कळायच्या चार-पाच वर्षे आधीच तो कुत्र्यांत येऊन राहिला होता.

आठ सुट्या पानांची चोपडी

हे घर बदलणे जमते कसे? त्यासाठी फ्लूच्या विषाणूची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

या विषाणूची सगळी जनुकीय माहिती एका सलग धाग्यावर नसते, आरएनएच्या आठ वेगवेगळ्या तुकड्यांवर असते. अण्णांच्या दुकानातील उधारीची चोपडी शिवलेली नसून आठ सुट्या पानांची आहे, अशी कल्पना करा. सगळी मिळून अक्षरे साधारण साडेतेरा हजार. विषाणू पेशीत शिरला की या पानांच्या हजारो नकला होतात. आपल्या शरीरातील डीएनएची नक्कल होताना चूक तपासणारी यंत्रणा असते, जुन्या पेढीवर मुनीम लिहायचा आणि शेटजी पडताळायचे तशी. फ्लूच्या विषाणूकडे पडताळणारा शेटजी नाही. त्यामुळे नकलांत चुका राहतात. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात आणि ती नक्कल बाद होते. क्वचित एखादी चूक मात्र त्याच्या पथ्यावर पडते.

आता कुलूप-किल्ली. विषाणूच्या अंगावर दोन प्रथिने असतात, हेमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. नावातील 'एच' आणि 'एन' ती हीच. हेमॅग्लुटिनिन ही पेशीत शिरण्याची किल्ली, आणि न्यूरामिनिडेज हे नवे विषाणू बाहेर पडताना पेशीशी असलेला चिकटा तोडणारी कात्री. पेशीवरचे कुलूप म्हणजे सायलिक आम्ल नावाची एक शर्करा. पक्ष्यांच्या आतड्यात आणि घोड्याच्या श्वासनलिकेत ही शर्करा एका पद्धतीने जोडलेली असते. माणसाच्या नाकात आणि घशात प्रामुख्याने दुसऱ्या पद्धतीने. कुत्र्याच्या श्वासनलिकेतील जोडणी बहुतांशी घोड्यासारखी, पक्ष्यासारखी. म्हणून घोड्याच्या विषाणूला कुत्र्याचा दरवाजा उघडायला फार खटपट पडली नाही. हेमॅग्लुटिनिन साडेपाचशेहून अधिक अमिनो आम्लांचे बनलेले असते. घोड्याचा आणि कुत्र्याचा विषाणू शेजारी ठेवून पाहिले तर त्यांत मोजकेच फरक दिसले. त्यांपैकी एक २२२ व्या जागेवरचा. तिथले ट्रिप्टोफॅन जाऊन ल्यूसिन आले होते आणि ही जागा किल्लीच्या दात्यांच्या अगदी जवळ आहे.

पण दार उघडणे वेगळे आणि संसार थाटणे वेगळे. इंग्लंडमध्ये २००२ साली शिकारी कुत्र्यांच्या एका कळपात खोकल्याची साथ आली होती. पुढे जपून ठेवलेले नमुने तपासले तेव्हा तोही घोड्याचाच एच३एन८ निघाला. ऑस्ट्रेलियात २००७ साली घोड्यांत मोठी साथ आली, तेव्हा तबेल्यात वावरणाऱ्या काही कुत्र्यांना लागण झाली. या दोन्ही ठिकाणी विषाणू कुत्र्यापर्यंत आला आणि तिथेच विझला. कुत्र्याकडून कुत्र्याकडे असा टिकून राहिला नाही. फ्लोरिडात तो टिकला, कारण योग्य त्या चुका झालेला विषाणू योग्य गर्दीत पडला. मैदानाच्या पिंजऱ्यांत शेकडो कुत्रे दाटीने ठेवलेले, आणि एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर त्यांची सतत ने-आण.

पक्ष्याकडून आलेला दुसरा

साधारण २००५ च्या सुमारास आशियात आणखी एक घटना घडली. या वेळी कुत्र्यात आलेला विषाणू पक्ष्यांचा होता, एच३एन२ या जातीचा. चीनच्या दक्षिण भागात २००६ पासून आणि दक्षिण कोरियात २००७ मध्ये तो आजारी कुत्र्यांत सापडला. याचेही आठही खंड पक्ष्यांच्या विषाणूंचे होते. इथे एक खुलासा करतो. माणसांत दरवर्षी जो फ्लू येतो त्यातही एक एच३एन२ असतो. पण हे नामसाधर्म्य झाले. एका गावात दोन पांडुरंग असावेत तसे. दोघांचे कूळ निराळे.

मार्च-एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत शिकागो शहरात कुत्र्यांच्या खोकल्याची मोठी साथ आली. हजारावर कुत्रे आजारी पडले. सुरुवातीला सगळ्यांना वाटले, हा फ्लोरिडाचाच जुना विषाणू. निघाला तो आशियातला एच३एन२. कोरियातील विषाणूंशी त्याचे फार जवळचे नाते होते.

हे नाते कसे जुळवतात, असे वाचकांना वाटेल. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलात की तीर्थोपाध्याय तुमचे आडनाव आणि गाव विचारून वही काढतात. पणजोबा कधी आले होते, त्यांच्याबरोबर कोण होते, हे दाखवतात. विषाणूच्या चुका म्हणजे अशाच नोंदी आहेत. बापाला झालेली चूक मुलात उतरते आणि मुलाची नवी चूक नातवात. दोन ठिकाणच्या विषाणूंत ज्या चुका समान, त्यांचा पूर्वज एक. ज्या चुका वेगळ्या, त्या फाटे फुटल्यानंतरच्या. चुका साधारण ठरावीक वेगाने साठत जातात, म्हणून फाटा कोणत्या साली फुटला याचाही अंदाज येतो. याच पद्धतीने कळले की, एच३एन२ अमेरिकेत एकदाच गेलेला नाही. २०१५ नंतरही तो आशियातून पुन्हा पुन्हा तिथे पोहोचला. विमानातून, परदेशातून दत्तक आणलेल्या कुत्र्यांबरोबर. एखाद्या बिचाऱ्या कुत्र्याची कत्तलखान्यातून सुटका करण्याच्या सत्कृत्यातून रोगाची आयात व्हावी, हे दैव म्हणायचे की दुसरे काही? अशा कुत्र्याला चार आठवडे वेगळे ठेवले असते तर मात्र हे टळले असते.

दरम्यान फ्लोरिडाच्या एच३एन८ चे काय झाले? शर्यतीच्या मैदानांवरून तो अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या श्वानगृहांत शिरला. तिथे रोज नवे बेवारस कुत्रे यायचे, त्यामुळे त्याला नवे शरीर मिळत राहिले. घरोघरच्या पाळीव कुत्र्यांत मात्र त्याची साखळी लवकर तुटे. आजारी कुत्रा आठवडाभर विषाणू बाहेर टाकतो, आणि त्या आठवड्यात घरातल्या कुत्र्याची गाठ पडून पडून किती कुत्र्यांशी पडणार? २००९ साली तिथे लस आली. २०१६ नंतर हा विषाणू कुठे सापडलेला नाही. घोड्यांत तो अजून आहे. कुत्र्यांतली त्याची शाखा मात्र दीड-दोन दशकांत निर्वंश झाली. एच३एन२ अधिक चिवट आहे. तो काही कुत्र्यांच्या नाकातून तीन आठवड्यांपर्यंत बाहेर पडत राहतो, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एका श्वानगृहातल्या मांजरांनाही त्याची लागण झाली होती.

माणसाचे काय?

सूनबाईंचा प्रश्न हाच होता. तर स्पष्ट सांगतो. घोड्याकडून आलेला एच३एन८ असो वा पक्ष्याकडून आलेला एच३एन२, कुत्र्यांच्या फ्लूची माणसाला लागण झाल्याची आजवर एकही नोंद नाही. हजारो पशुवैद्यक, केनेलवाले आणि मालक अशा कुत्र्यांना मांडीवर घेऊन बसलेले आहेत.

मग शास्त्रज्ञ त्याच्यावर नजर का ठेवतात? त्या आठ सुट्या पानांमुळे. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लूचे विषाणू एकदम शिरले तर दोन चोपड्यांची पाने मिसळतात आणि बाहेर पडणारी चोपडी भलतीच असू शकते. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी पक्ष्यांच्या आणि माणसांच्या विषाणूंची पाने अशी मिसळूनच झाल्या. २००९ चा स्वाइन फ्लू हा डुकरातल्या मिसळीचा. त्याचा देशातील पहिला बळी त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. त्या महिन्यातले तोंडाला रुमाल बांधलेले पुणे अनेक वाचकांना आठवत असेल. हाच २००९ चा विषाणू माणसाकडून कुत्र्यांना लागल्याची उदाहरणे नंतर निरनिराळ्या देशांत आढळली. २०१८ साली चीनच्या ग्वांगशी प्रांतातील कुत्र्यांत डुकरांकडून आलेले एच१एन१ आणि कुत्र्यांचा एच३एन२ यांची पाने मिसळलेले नवे विषाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले. २०२३ साली चिनी शास्त्रज्ञांनी आणखी एक काळजीची गोष्ट दाखवली. कुत्र्यांत राहता राहता एच३एन२ ची किल्ली माणसाच्या कुलपातही बसू लागली आहे, आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांत तो श्वासावाटे एकापासून दुसऱ्याला लागतो. फ्लूच्या बाबतीत फेरेट माणसाच्या बराच जवळचा, म्हणून त्याच्यावर प्रयोग करतात. यावरून उद्याच माणसांत साथ येईल असे कोणी म्हणत नाही. पण १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे बेसावध राहण्याची चूक पुन्हा नको, एवढे खरे.

याबाबत माझ्याही पदरात एक चूक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा कोंबड्या नष्ट करण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. पांढरे झगे, चष्मे, टॅमीफ्लूच्या गोळ्या, सगळा जामानिमा आम्हाला होता. एका शेडच्या मागे दोन गावठी कुत्री मेलेल्या कोंबड्या ओढत नेत होती. मी दगड मारून हाकलली आणि पुढच्या शेडकडे वळलो. ती कुत्री कुठल्या घरची, पुढे त्यांचे काय झाले, कोणाच्या अंगणात ती कोंबडी खाल्ली गेली, हे मी विचारले नाही. नोंदवहीतही लिहिले नाही. थायलंडमध्ये २००४ सालीच बदकांचे मांस खाल्लेला एक कुत्रा याच एच५एन१ ने दगावला होता, हे मी नंतर वाचले. २०२३ मध्ये कॅनडात रानटी हंस चघळलेला एक पाळीव कुत्रा तसाच गेला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, ही बातमी वाचली त्या रात्री मला नवापूरची ती दोन कुत्री आठवली. मेलेली कोंबडी, कावळा वा बगळा कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागू देऊ नये आणि कच्चे चिकन त्यांना घालू नये, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

आता मोतीकडे येतो. अण्णांना मी दोनच गोष्टी विचारल्या. मोती गेल्या पंधरवड्यात कुठे होता, आणि आधी आजारी कोण पडले? घरचे सगळे लग्नाला गेले होते आणि मोतीला आठ दिवस शहरातल्या एका केनेलमध्ये ठेवले होते. रविवारी सगळे परतले, सोमवारी बाळाला ताप आला आणि मोती खोकू लागला गुरुवारी. म्हणजे बाळाचा ताप लग्नघरचा आणि मोतीचा खोकला केनेलमधला. ताप नाही, खाणेपिणे व्यवस्थित, गळ्यावर जरा दाबले की ठसका. चिन्हे केनेल कफची होती. बाळाच्या डॉक्टरांनी बाळाला फ्लू सांगितला होता, तेव्हा खरे तर बाळाला मोतीपासून जरा दूर ठेवा, असेच मी सुचवले. स्कूटर बंद झाली.

मोतीच्या गळ्यातला पट्टा काढून छातीवरून येणारा पट्टा घालायला सांगितला, कारण गळपट्ट्याने खोकला वाढतो. मागच्या पडवीत तीन आठवडे वेगळे ठेवा, आळीतल्या कुत्र्यांत सोडू नका, ताटली साबणाने धुवा. फ्लूचा विषाणू असला तरी साबणापुढे टिकत नाही. घरातली तापाची गोळी मनाने देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर तर हमखास मरते आणि कुत्र्याचेही यकृत बिघडू शकते. खाणे सुटले, ताप चढला, धाप लागली किंवा नाकातून पिवळा शेंबूड येऊ लागला तर त्याच दिवशी आणा, कारण मग डिस्टेंपर किंवा न्यूमोनियाचा विचार करावा लागतो.

अण्णा उठले तेव्हा मी त्यांच्या हातून ते कार्ड परत मागून घेतले. फ्लूच्या चर्चेत एका रकान्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. रेबीजच्या ओळीत शेवटची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. तीन वर्षे हा कुत्रा अंगणात बाळाशेजारी झोपत होता, आणि जो रोग एकदा लक्षणे दिसू लागली की माणसाला जवळजवळ सोडतच नाही, त्याची लस घ्यायची राहून गेली होती. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी कार्डाची घडी घातली.

तिसऱ्या आठवड्यात मोती आला तो चालत आला. खोकला गेला होता. रेबीजची सुई टोचताना त्याचे तोंड धरायला सूनबाई स्वतः पुढे झाल्या.